नावाची राखण

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका गावात एक बाई राहत होती. सारं गाव तिला आक्का म्हणायचं. आक्काच्या हातच्या चटणीचा पंचक्रोशीत बोलबाला होता. कोल्हापूर भागात कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात आणि पावसाळ्याआधी वर्षाची चटणी बरण्यांत भरून ठेवायची, ही घरोघरची रीत.

आक्काची शिस्त कडक होती. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी लवंगी, चवीसाठी संकेश्वरी अशी मिरची ती स्वतः बाजारात जाऊन, मुठीत दाबून, वास घेऊन निवडायची. देठ खुडून मिरचीला कडक ऊन द्यायची. कांदा उभा चिरून वाळवायची, मग तळायची. खोबरं, तीळ, धणे, जिरं, खसखस, दगडफूल, नागकेशर हे जिन्नस ती वेगवेगळे भाजायची, कारण एकाला लागणारी आच दुसऱ्याला करपवते. लसूण सगळ्यात शेवटी. तिच्या चटणीचं कालवण केलं की लाल तर्री वर यायची आणि वर्ष उलटलं तरी चटणीचा रंग उतरायचा नाही.

तीस वर्षांपूर्वी तिने हा धंदा सुरू केला तेव्हा घरात गुरुजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, प्राथमिक शाळेतला पगार आणि दीड एकर कोरडवाहू जमीन एवढंच होतं. जुनं कांडप यंत्र विकायला निघालं होतं. आक्काने कानातली बुगडी सोनाराला दिली आणि यंत्र घरी आणलं. पाकीट छापायची वेळ आली तेव्हा छापखान्यात विचारलं, नाव काय घालायचं? आक्का म्हणाली, "जिच्या जीवावर यंत्र आलं तिचंच नाव घाला." पिवळ्या पाकिटावर लाल रंगात बुगडीचं चित्र आणि खाली ठसठशीत अक्षरं, 'बुगडी'.

वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या बायका दुकानात जाऊन म्हणायच्या, "बुगडीची चटणी द्या." हळूहळू गावातल्या बारा बायका तिच्याकडे कामाला लागल्या. बेळगावपासून कराडपर्यंत पाकिटं जाऊ लागली. गडहिंग्लजच्या बाजारातला एक व्यापारी तिचा माल घाऊक उचलायचा. कुठल्या गावात किती खप, कुठला दुकानदार उधारी बुडवतो, कुठल्या जत्रेला किती पोती लागतात, हे सगळं त्याच्या वहीत होतं. दहा वर्षं हा व्यवहार चालला. मग एका वर्षी त्याने दलाली वाढवून मागितली. आक्काने हिशेब मांडून दाखवला आणि म्हणाली, "भाऊ, एवढं दिलं तर मिरचीत हात आखडावा लागंल. ते माझ्याच्यानं हुणार न्हाई." व्यापारी काही न बोलता निघून गेला. आक्काने दुसरा घाऊकवाला शोधला.

दोन वर्षांनी जोतिबाच्या चैत्र यात्रेत आक्काने नेहमीप्रमाणे चटणीचा स्टॉल लावला होता. गुलालात न्हालेली माणसं डोंगर चढत होती, सासनकाठ्या नाचत होत्या. गर्दीतून वाट काढत एक म्हातारी स्टॉलपाशी आली. सांगोल्याकडची होती. तिने पिशवीतून पाकीट काढलं आणि फळीवर आपटलं.

"काय गं बाई, वीस वर्सं तुझीच चटणी खातोय आमी. औंदा काय भुसा भरलास व्हय यात? रंग पाण्यात सुटतोय नि तिखटाचा पत्त्या न्हाई. लेकीच्या बाळंतपणाला नेली हुती. जावयाम्होरं मान खाली गेली माझी."

आक्काने पाकीट उचललं. पिवळं पाकीट, लाल बुगडी. बुगडीचे मोती मात्र तीनाऐवजी चार. बुगडीच्या वर बारीक अक्षरात 'नवी' आणि खाली मोठ्या अक्षरात 'बुगडी'. पाठीमागे उत्पादकाचं नाव आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर होता. दोन्ही तिचे नव्हते. नाव त्याच जुन्या व्यापाऱ्याचं होतं आणि पत्ता गडहिंग्लजचा.

"आजी, ही माझी न्हाई."

"मग कुणाची? बुगडी हाय की यावर."

आक्का काय बोलणार? म्हातारीने तीन मोती आणि चार मोती मोजून का खरेदी करायची? तिने बुगडी पाहिली आणि विश्वासाने पैसे दिले. फसली ती म्हातारी, आणि नाव खराब झालं आक्काचं. आक्काने म्हातारीच्या पिशवीत स्वतःची दोन पाकिटं घातली, पैसे घेतले नाहीत आणि ते नकली पाकीट ठेवून घेतलं.

त्या रात्री घरात बैठक बसली. थोरला मुलगा म्हणाला, "आई, कोर्टकचेरीत पडायचं न्हाई. आपण नाव बदलू. माल चांगला असला की गिऱ्हाईक येतंच." धाकटा उसळून उठला, "पोरं गोळा करतो, दुकानादुकानांतनं त्याची पाकिटं उचलून पेटवून देतो." गुरुजी गप्प होते. बारा बायकांपैकी एकजण उंबऱ्यापाशी बसली होती, ती हळूच म्हणाली, "आक्का, नाव बदललं तर लोकं आमची चटणी कशी ओळखणार ओ?"

आक्काने दोन्ही मुलांकडे पाहिलं. "नाव बदललं तर ती म्हातारी पुन्हा त्याच्याच दुकानात जाईल. पाकिटं जाळली तर तुरुंगात तू जाशील नि तो बाहेर ऱ्हाईल. आपल्यापेक्षा शहाण्या माणसाला विचारू."

दुसऱ्या दिवशी ती गुरुजींना घेऊन गडहिंग्लजला एका वकीलबाईकडे गेली. वकीलबाई गुरुजींची जुनी विद्यार्थिनी. तिने दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आक्का, नावाची नोंदणी केलीय का?"

"अन्न परवाना हाय, उद्यमचा दाखला हाय, दुकान परवाना हाय."

"त्यातल्या एकानंही नाव तुमचं होत नाही. नावासाठी ट्रेडमार्कची नोंदणी लागते. १९९९ चा कायदा आहे, २००३ सालापासून लागू झालाय. आणि तुमच्या व्यापाऱ्याला तो ठाऊक आहे." तिने संगणकावर ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध घेतला. हा शोध कुणालाही फुकट घेता येतो. पडद्यावर 'नवी बुगडी'चा अर्ज आला. वर्ग ३०, म्हणजे मसाले, चटण्या, पीठ, चहा, मिठाई यांचा वर्ग. अर्ज तपासून ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धही झाला होता.

गुरुजींचा चेहरा उतरला. "म्हणजे नाव गेलं?"

"नाही गुरुजी. जर्नलमध्ये नाव छापतात ते यासाठीच, की कुणाची हरकत असेल तर त्यानं पुढं यावं. त्यासाठी चार महिने मिळतात. त्यातले तीन गेलेत. एक महिना उरलाय, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही."

मग तिने त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं. "समजा, एक शेत तुम्ही तीस वर्षं कसताय, पण सातबाऱ्यावर तुमचं नाव चढलेलं नाही. उद्या कुणी सातबारा स्वतःच्या नावावर करायला निघाला, तर तुमची वहिवाट तुम्हाला पुराव्यानं सिद्ध करावी लागते. नावाचंही तसंच आहे. आपला कायदा आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क मानतो. चौतिसावं कलम त्यासाठीच आहे. नंतर आलेल्याची नोंदणी झाली तरी आधीच्याचा वापर ती थांबवू शकत नाही. पण वहिवाट दाखवायला कागद लागतात. आहेत?"

आक्काने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी तीस वर्षांत एकही पावती टाकली नव्हती. मुलं त्यावरून त्यांची चेष्टा करायची. घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत छापखान्याचं पहिलं बिल होतं, बुगडीच्या चित्राचा कच्चा नमुना होता, यात्रांतल्या जागेच्या पावत्या होत्या, बेळगावच्या दुकानदारांची पत्रं होती, आणि त्याच व्यापाऱ्याने दहा वर्षं सही करून दिलेल्या माल मिळाल्याच्या चिठ्ठ्याही होत्या. व्यापाऱ्याने आपल्या अर्जात वापराची सुरुवात दोन वर्षांपूर्वीची लिहिली होती. ट्रंकेतलं पहिलं बिल तीस वर्षांपूर्वीचं होतं.

ट्रंक वकीलबाईकडे आणली. तिने चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाली, "तुमचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, असं तो आता म्हणूच शकत नाही."

या वेळी थोरला मुलगाही बरोबर आला होता. त्याची शंका वेगळी होती. "पण मॅडम, त्यानं 'नवी' असं लिहिलंय. मोतीबी चार काढलेत. कोर्ट म्हणंल, फरक हाय."

"कोर्ट दोन पाकिटं शेजारीशेजारी ठेवून मोती मोजत बसत नाही," वकीलबाई म्हणाली. "गिऱ्हाईक दुकानात जातं तेव्हा त्याच्या हातात जुनं पाकीट नसतं. असते ती धूसर आठवण. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयानं पार्ले बिस्किटांच्या वेष्टनाचा निकाल दिला. पार्लेच्या वेष्टनावर मुलगी, गायी आणि कोंबड्या होत्या. दुसऱ्या कंपनीनंही मुलगी, गायी आणि कोंबड्या काढल्या, तपशील वेगळे ठेवले. न्यायालय म्हणालं, बारकावे वेगळे असले तरी एकूण ठसा सारखा आहे, साधा माणूस फसेल. त्याच्याही आधी, १९६२ साली, 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांचा खटला गाजला. तिथंही न्यायालयानं खेडेगावातला साधा, नाव अर्धवट आठवणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला आणि नावं फसगत होण्याइतकी सारखी ठरवली."

"म्हणजे अमृतधारावाले जिंकले."

"पूर्ण नाही. हेच नीट ऐका. लक्ष्मणधारा बाजारात आहे हे अमृतधारावाल्यांना पुष्कळ वर्षं माहीत होतं आणि ते गप्प बसले होते. म्हणून लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. नावं सारखी आहेत हे मान्य होऊनही, गप्प बसण्याची किंमत द्यावी लागली. आजच्या कायद्यातही तेच आहे. नंतरचं नाव नोंदलं गेलं आणि ते वापरात आहे हे ठाऊक असून तुम्ही सलग पाच वर्षं काही केलं नाही, तर ते रद्द करा असं म्हणायचा तुमचा हक्क जातो. समोरच्यानं बदमाशीनं नाव घेतलं असेल तरच सुटका."

थोरला मुलगा काही बोलला नाही. कोर्टकचेरी नको, नाव बदलू, असं त्या रात्री म्हणणारा तोच होता.

आक्काने विचारलं, "नोंदणी न्हाई नि खटला लढता येतो?"

"येतो. त्याला पासिंग ऑफचा दावा म्हणतात. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धचा दावा. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. तुमच्या नावाला बाजारात पत आहे, समोरच्यानं त्या नावाचा भास निर्माण केला, आणि त्यानं तुमचं नुकसान झालं किंवा होणार आहे. तिरुनेलवेलीचा इरुट्टुकडै हलवा प्रसिद्ध आहे. एका जुन्या छोट्या दुकानाचं हे नाव दुसऱ्यानं थोडं वाढवून नोंदवून घेतलं. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचा आहे. एका हलवायाच्या दुकानाला हा न्याय मिळाला, तर चटणीला का मिळू नये?"

वकीलबाईने नकली पाकीट पुन्हा हातात घेतलं आणि भिंगाखाली धरलं. 'नवी बुगडी'च्या शेवटी वर्तुळात इंग्रजी आर छापलेला होता. ती क्षणभर थांबली. "ही चूक त्याला महागात पडेल. अर्ज केला की नावापुढं टीएम ही दोन अक्षरं लावायला हरकत नाही, ती अर्जाआधीही लावता येतात. पण वर्तुळातला आर लावायचा तो नोंदणी झाल्यावरच. नोंदणी नसताना ती आहे असं भासवायला कायद्यानं बंदी आहे. कलम १०७. त्यासाठी दंड बसतो."

त्याच आठवड्यात हरकतीचा अर्ज, टीएम-ओ, ऑनलाइन दाखल झाला. व्यापाऱ्याला कायदेशीर नोटीस गेली. त्याने ती बाजारात सगळ्यांना वाचून दाखवली आणि हसला. "चटणी कांडणारी बाई मला कायदा शिकवणार!" पण हरकत दाखल झाल्यावर अर्जदाराला दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यावं लागतं, नाहीतर त्याने अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. व्यापारी आपल्या सल्लागाराकडे गेला. सल्लागाराने आक्काचे पुरावे पाहिले, त्याच्याच सहीच्या चिठ्ठ्या पाहिल्या, पाकिटावरचा आर पाहिला आणि म्हणाला, "उत्तरात लिहू काय?"

इकडे जिल्हा न्यायालयात दाव्याची तयारी सुरू होती. मनाई हुकूम मागायचा ठरलं होतं. ते कळल्यावर व्यापारी एका संध्याकाळी स्वतः आक्काच्या दारात आला. बायका मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. त्याने पैशांची गोष्ट काढली. झालेल्या नुकसानीपोटी रक्कम देतो, हरकत मागे घ्या, मी 'नवी' हा शब्द मोठा करतो, असं तो म्हणाला.

आक्काने त्याला पाणी दिलं आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, पैसं मला नकोत. तीन गोष्टी पाहिजेत. तुझा अर्ज मागं घे. पाकिटं, ठसे, सगळं वकिलासमोर नष्ट कर आनि परत बुगडी वापरणार न्हाई असं लिहून दे. आनि पेपरात छाप, की ही चटणी आक्काची न्हवती. ज्यांनी बुगडी बघून तुझं पाकीट घेतलं त्यांना खरं कळलं पाहिजे. जोतिबाला आलेली ती म्हातारी माझ्यावर रागवून गेलीया. तिला कळलं पाहिजे."

व्यापाऱ्याने मान खाली घातली. तिन्ही गोष्टी लेखी झाल्या, सह्या झाल्या, आणि स्थानिक वर्तमानपत्रात निवेदन छापून आलं. दावा दाखल करायची वेळ आली नाही.

घरच्यांना वाटलं, संपलं. वकीलबाई म्हणाली, "संपलं नाही. हा गेला, उद्या दुसरा येईल. दर वेळी तीस वर्षांचे कागद उपसणार का? आता तुमचा स्वतःचा अर्ज करू."

तिथे नवे प्रश्न निघाले. मुलांना हवं होतं पाकिटावरचं सगळंच, 'अस्सल कोल्हापुरी झणझणीत कांदा-लसूण चटणी बुगडी'. वकीलबाईने 'बुगडी'आधीचे सगळे शब्द खोडले. "'कोल्हापुरी' गावावरून आलेला शब्द, 'झणझणीत' गुणावरून, 'कांदा-लसूण चटणी' मालावरून. हे शब्द प्रत्येक चटणीवाल्याला लागतात. कायदा ते एकट्याला देत नाही. देवाधर्माची नावंही तशीच. 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी एकट्याला मागणाऱ्याला २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. 'बुगडी' मात्र मजबूत नाव आहे. दागिने विकत असता तर तो शब्द सर्व सोनारांचा झाला असता. चटणीशी बुगडीचा काही संबंध नाही, म्हणून चटणीवर ती फक्त तुमची ओळख सांगते."

धाकट्याने विचारलं, "मग कोल्हापुरी चपलेला कशी नोंदणी मिळाली?"

"ते भौगोलिक मानांकन. कोल्हापुरी चपलेला ते मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतल्या कारागिरांसाठी. कोल्हापुरी गुळालाही आहे. ते मानांकन त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. ट्रेडमार्क एका मालकाचा. दोन्ही हक्क आहेत, पण वेगळे."

मालक कोण, हा प्रश्न सगळ्यात नाजूक निघाला. थोरल्याची इच्छा होती की नाव त्याच्या नावावर व्हावं. वकीलबाईने सांगितलं, की ट्रेडमार्क ही मालमत्ता आहे. ती विकता येते, दुसऱ्याला वापरायला देता येते, वारसाने जाते. भाऊभाऊ वेगळे झाले आणि नाव एकाच्या खिशात राहिलं, तर दुसऱ्या भावाचा धंदा दुसऱ्या दिवशी बेनाव होतो. आक्काने निर्णय दिला. घरच्यांची भागीदारी संस्था केली, नाव संस्थेच्या नावावर घातलं आणि करारात लिहून घेतलं की वाटणी झाली तरी नाव फोडायचं नाही.

'बुगडी' हा शब्द वेगळा आणि चित्रासकट लेबल वेगळं, असे दोन अर्ज टीएम-ए नमुन्यात मसाल्याच्या वर्गात भरले. उद्यमचा दाखला असलेल्या लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क पडतं, मोठ्या कंपनीला ९,०००. पुढे लोणचंही करायचं होतं. लोणचं वर्ग २९ मध्ये येतं, त्याचा अर्ज वेगळा भरला. एकूण ४५ वर्ग आहेत, ३४ मालाचे आणि ११ सेवांचे. घेतलेल्या वर्गापुरतंच थेट संरक्षण मिळतं. तपासणी झाली, शंका आल्या, उत्तरं गेली, जर्नलमध्ये नाव छापलं, चार महिने कुणाची हरकत आली नाही आणि प्रमाणपत्र हाती आलं. नोंदणी धरली गेली ती अर्जाच्या तारखेपासून, दहा वर्षांसाठी. दर दहा वर्षांनी नूतनीकरण केलं तर ती पिढ्यान्पिढ्या चालते. मात्र नाव सलग पाच वर्षं वापरलंच नाही, तर ज्याला त्याची झळ लागते तो ते काढून टाका असं मागू शकतो.

गुरुजींनी प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवलं, नूतनीकरणाची तारीख भिंतीवर लिहिली आणि नवं काम अंगावर घेतलं. दर आठवड्याला जर्नल निघतं, त्यात मसाल्याच्या वर्गात बुगडीशी मिळतंजुळतं काही आलंय का, हे ते नातीकडून संगणकावर पाहून घेऊ लागले.

पुढे एका वर्षी अवकाळी पावसाने मिरची भिजली आणि भाव दुपटीवर गेले. मुलांनी हिशेब मांडला. थोरला म्हणाला, "आई, या वर्षी अर्धी हलकी मिरची घालू, रंग वरनं लावू. आता नाव नोंदलेलं हाय. कुणी आपली नक्कल करू शकत न्हाई. गिऱ्हाईक कुठं जातंय?"

आक्का जागची उठली. कोनाड्यात ते जोतिबाच्या यात्रेतलं नकली पाकीट तिने जपून ठेवलं होतं. ते मुलासमोर ठेवलं.

"या पाकिटात नि तू म्हणतोस त्या पाकिटात फरक काय ऱ्हाईल, सांग. त्यानं बुगडी काढून हलकी चटणी दिली, तर आपण कोर्टात निघालो. उद्या आपण बुगडी काढून हलकी चटणी दिली, तर ती म्हातारी कुठं जाणार? तिला कोण नोटीस लिहून देणार? सरकारनं नाव आपल्याला दिलंय ते लोकांना ठकवायला न्हाई. बुगडी बघितली की आत काय हाय हे तिला न उघडता कळावं, म्हणून दिलंय."

त्या वर्षी पाकिटाचं वजन तेच राहिलं, मिरची तीच राहिली, किंमत वाढली. का वाढली ते पाकिटात चिठ्ठी घालून सांगितलं. थोडी गिऱ्हाइकं तुटली. दिवाळीपर्यंत त्यातली बरीचशी परत आली.

तात्पर्य : नाव कष्टाने मिळतं, कागदाने टिकतं आणि प्रामाणिकपणाने वाढतं. यातली एक गोष्ट जरी सुटली तरी उरलेल्या दोन त्याला वाचवू शकत नाहीत.

लोणचं, पापड, मसाले, साड्या, शिकवणी, खानावळ, काहीही चालवणाऱ्या आपल्या माणसांना यातून एवढंच सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाचं नसलेलं, मालाचं नुसतं वर्णन न करणारं नाव निवडा. ते वापरण्याआधी रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोधा. पहिल्या दिवसापासूनची बिलं, लेबलं, जाहिराती जपा. धंदा बरा चालायची वाट न पाहता अर्ज करा, आणि मालकी कुणाची हे घरात भांडण होण्याआधी लिहून ठेवा. नक्कल दिसली तर गप्प बसू नका आणि हातही उगारू नका. नोटीस द्या, हरकत घ्या, दावा करा. आणि ज्या दिवशी प्रमाणपत्र घरी येईल त्या दिवशी स्वतःला बजावा, की हे नाव आता गिऱ्हाइकाला दिलेला शब्द आहे. तो पाळला तरच त्या नावाचे खरे मालक तुम्ही.